दातखीळ

एकतीस वर्षं मी रिपोयमध्ये लोकांचे दात केले.
वरच्या कवळ्या, खालच्या कवळ्या,
बेकरीवाल्या सादुर्नीची एकच दाढ, तीही तीनदा,
कारण त्याला पाव चावताना आवाज हवा होता.
निवृत्त झाले तेव्हा साचे मोडवेनात,
हवा खेचायचं भांडंही विकवेना.
मग भावाचा एउदाल सायकल घेऊन आला,
जिला बसायला सीटच नाही.
म्हणाला, आत्या, ब्रेक धरत नाही गं.

त्याची सायकल चालत नाही, उडते.
तेर नदीकाठी दगडावरून दगडावर, मागच्या चाकावर,
आणि प्रत्येक उडीनंतर ते चाक
जागच्या जागी मरायला हवं.
बोटभर फिरलं तरी पाय टेकतो.
पाय टेकला की दंड,
आणि दंडाच्या आधी नडगी.
त्याच्या नडग्या मी पाहिल्यात. वहिनीने नाही.

ब्रेकचा ठोकळा म्हणजे तरी काय,
हिरडी आणि दात.
अ‍ॅल्युमिनियमची हिरडी, आतून खरवडलेली,
तिच्यात ओतायचं दोन डब्यांतलं रसायन,
एक मधासारखं, दुसरं पाण्यासारखं.
ढवळायचं सावकाश. घाई केली की हवा शिरते,
आणि हवा शिरलेला दात
मी आजवर कुणाला दिलेला नाही.
भांड्यातली हवा खेचली की मिश्रण दुधासारखं उतू येतं,
मग खाली बसतं, लाजल्यासारखं.
रात्रभर भट्टीत.
सकाळी साच्यातून काढताना
अजूनही माझा अंगठा सवयीने सुळा शोधतो.

पाच प्रकार केले. नावं दिली नाहीत,
नावाने माणूस फसतो.
नुसते दोरे बांधले: लाल, हिरवा, पिवळा, निळा.
पाचवा दोरा सापडेना,
म्हणून लसणाच्या जुडीची सुतळी.

रिमवर आधी ग्राइंडर फिरवला,
तिरके, बारीक ओरखडे.
(काही मुलं डांबर फासतात. माझ्या घरात नाही.)
लाल कोरड्यात बरा, ओल्यात साबण.
हिरवा कठीण. आठवड्यात केसाएवढाही झिजला नाही
आणि आठवड्यात एकदाही नीट धरला नाही.
असे लोक असतात.
पिवळ्याने दातखीळ बसल्यासारखं धरलं,
पण शनिवारी नऊ मिलिमीटर होता,
पुढच्या शनिवारी साडेसात.
निळा किंचाळायचा.
पुलाखाली एउदाल थांबला
की इथे स्वयंपाकघरात कळायचं.
शेजारची नेउस खिडकी लावून घ्यायची,
मी सताड उघडायची.
कांदा चिरता चिरता मोजायची:
किंचाळला, म्हणजे पोचला.
किंचाळला. पोचला.

मग सुतळीवाला.
ओल्यात धरला, कोरड्यात धरला, शेवाळावरसुद्धा.
झीज नावाला.
आणि आवाज अजिबात नाही.
एउदाल हेल्मेटसकट जिना चढून वर आला,
मिठी मारली, माझ्या हातात सुरी तशीच.
आत्या, हाच!
वहीत लिहिलं: सुतळी, पहिला.
माप खोटं लिहायची मला सवय नाही.

आता दर आठवड्याला सुतळीच्या आठ जोड्या ओतते.
पोलंडच्या एका मुलीने दोन मागवल्या,
सोबत चिठ्ठी, तिच्याकडे हिवाळा लांबतो,
थंडीत ठोकळा दगड होईल का?
माहीत नाही, असं कळवलं.
फ्रीजरमध्ये मटारांशेजारी एक जोडी ठेवली आहे.

दुपारी खिडकी उघडी असते.
नदी ऐकू येते, वळणावरचा ट्रक ऐकू येतो,
एउदाल ऐकू येत नाही.
कांदा गरजेपेक्षा बारीक होतो.

काल निळ्याची एक जोडी पुन्हा ओतली.
म्हटलं, सरावाला लावतोस का?
उगाच, झीज मोजायची राहिली होती.
त्याने दोऱ्याकडे पाहिलं,
मग उघड्या खिडकीकडे.
सोमवारी लावीन, म्हणाला. फक्त सोमवारी.